कोणास न विचारता

मुंबई विद्यापीठाच्या फोर्टातील जुन्या आवारात उभ्या असलेल्या राजाबाई मनोऱ्याविषयी एक आख्यायिका मुंबईकर पिढ्यानपिढ्या सांगत आले आहेत. कापसाच्या आणि समभागांच्या व्यापारात अमाप धन मिळवलेले प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ साली विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी दोन लक्ष रुपये दिले, आणि त्यापाठोपाठ तितकीच रक्कम, ग्रंथालयास लागून घड्याळाचा एक मनोरा उभारावा व त्यास आपल्या मातोश्रींचे नाव द्यावे, या इच्छेने देऊ केली. सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी हिंदुस्थानात पाऊलही न ठेवता त्याचे आराखडे काढले, आणि १८६९ मध्ये सुरू झालेले काम १८७८ मध्ये पुरे झाले. येथवर इतिहास. आख्यायिका अशी की, राजाबाई दृष्टिहीन होत्या, आणि सूर्यास्तापूर्वी भोजन उरकण्याचा जैनधर्मीय नियम त्या कटाक्षाने पाळीत असल्यामुळे, दिवस किती उरला हे त्यांस कोणास न विचारता कळावे म्हणून मनोऱ्यावरील घंटांची योजना झाली. ही कथा खरी असो वा लोकांच्या भाविक कल्पनेने मागाहून रचलेली असो, तिच्यातील विचार मात्र पक्का आहे. घंटा वाजत होती ती साऱ्या शहरासाठी. डोळस माणसेही तिच्यावर आपली घड्याळे लावीत होती. आणि ज्या वृद्धेसाठी ती वाजत होती असे म्हणतात, तिला वेळ समजून घेण्याकरिता कोणाकडे दरखास्त पाठवावी लागत नव्हती, दाखला जोडावा लागत नव्हता, की शेऱ्याची वाट पाहत बसावे लागत नव्हते.

आजच्या विद्यापीठांत दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी सोयी नाहीत, असे सरसकट म्हणणे सत्यास धरून होणार नाही. पुष्कळ ठिकाणी त्या आहेत. परंतु त्या मागाव्या लागतात, आणि एकदा मागून भागत नाही. प्रत्येक सत्रास, प्रत्येक परीक्षेस, पुष्कळदा प्रत्येक मजल्यास नव्याने मागाव्या लागतात, ही खरी तक्रार आहे. ज्या विद्यार्थ्यास पायऱ्या चढता येतात तो दुपारी दोनच्या सुमारास मनात आले म्हणून ग्रंथालयात शिरतो, खिडकीजवळची खुर्ची पटकावतो, तीन तास वाचतो, कंटाळला की उठतो. या साऱ्या व्यवहारात त्याला कोणाची परवानगी लागत नाही व कोणाचे आभार मानावे लागत नाहीत. चाकाच्या खुर्चीतून येणाऱ्या किंवा पांढरी काठी घेऊन येणाऱ्या त्याच्या सहाध्यायास हीच दुपार मिळवायची झाली, तर आदल्या दिवशी मित्राची जुळवाजुळव, उद्वाहक चालवणाऱ्या शिपायाची मनधरणी, आणि ग्रंथपालांची भेट, एवढे सोपस्कार उरकावे लागतात. अभ्यास ही मूलतः एकट्याने करावयाची गोष्ट आहे. ज्याला एकट्याने बसताच येत नाही, त्याला प्रवेश देऊन विद्यापीठाने नेमके काय दिले, हा प्रश्न म्हणूनच विचारला पाहिजे.

प्रवेशाचे आकडेही समाधानकारक नाहीत. २०११ च्या जनगणनेने देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्ती नोंदवल्या, म्हणजे दर हजारी बावीस. त्यांपैकी सुमारे २९ लाख ६३ हजार एकट्या महाराष्ट्रात. उलटपक्षी, केंद्र शासनाच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणात २०२०-२१ साली देशातील ४ कोटी १४ लाख विद्यार्थ्यांमध्ये दिव्यांगांची संख्या सुमारे ७९ हजार भरली, म्हणजे दर हजारी दोनसुद्धा नव्हे. वार्धक्यात येणारी व्यंगे हिशेबातून वजा केली तरी ही तफावत समजावून सांगता येत नाही. आणि ज्यांची नोंद आहे, तेही वर्षभर वर्गात व ग्रंथालयात दिसतात की केवळ परीक्षेपुरते उगवतात, याची गणना कोणी ठेवीत नाही.

कायद्याने मात्र हात आखडता घेतलेला नाही. १९९५ च्या कायद्याने शिक्षणसंस्थांत तीन टक्के जागा राखल्या; २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने त्या उच्च शिक्षणात पाच टक्क्यांवर नेल्या, दिव्यांगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस केले, आणि शिक्षणसंस्थेची इमारत, आवार व सर्व सुविधा सुगम असल्या पाहिजेत असे स्पष्ट शब्दांत सांगितले. सुगमतेच्या मानकांनुसार नसलेल्या नव्या इमारतीस पूर्णत्वाचा दाखला देऊ नये, आणि जुन्या इमारती नियम जारी झाल्यापासून पाच वर्षांच्या आत सुधारून घ्याव्यात, असाही त्यात हुकूम आहे. नियम १५ जून २०१७ रोजी जारी झाले. मुदत २०२२ च्या जूनमध्ये संपली. उल्लंघन करणाऱ्यास पहिल्या खेपेस दहा हजार रुपयांपर्यंत आणि पुढे पन्नास हजारांपासून पाच लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. ती एखाद्या विद्यापीठावर लागू झाल्याचे वृत्त वाचण्याचा योग प्रस्तुत लेखकास अद्याप आलेला नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी यांच्या याचिकेवर निकाल देताना, हैदराबादच्या नालसार विधी विद्यापीठातील दिव्यांग अध्ययन केंद्राचा अहवाल समोर ठेवून, एक मर्मस्थान नेमके हेरले. कायदा सुगमता बंधनकारक करतो, परंतु त्याखालील नियमाने ज्या मानकांकडे बोट दाखवले ती केवळ शिफारसवजा आहेत. सबब तो नियम मूळ कायद्याशी विसंगत ठरतो, असे सांगून न्यायालयाने तीन महिन्यांत सक्तीची मानके ठरवण्यास केंद्र शासनास फर्मावले. विद्यापीठांच्या आवारात जे चालले आहे त्याचे सारे रहस्य या निरीक्षणात सापडते. तेथेही सारे काही शिफारसवजा आहे.

उतरणीचे उदाहरण घ्यावे; ज्याला आपण सारे रॅम्प म्हणतो, त्या उतरणीचे. मानकांनुसार तिचा चढ बारास एक असावा, म्हणजे एक हात उंची गाठण्यास बारा हात लांबी. महाविद्यालयाच्या दर्शनी भागात सामान्यतः तीन पायऱ्यांचे जोते असते. त्याची उंची पंचेचाळीस सेंटिमीटर धरली तर उतरण सुमारे साडेपाच मीटर, म्हणजे अठरा फूट लांब हवी, शिवाय वर व खाली खुर्ची वळवण्यापुरती सपाट जागा हवी. अठरा फूट जागा दर्शनी भागात सापडत नाही, किंवा सापडली तरी तेथे संस्थापकांचा अर्धपुतळा असतो. मग कंत्राटदार सात-आठ फुटांत काम उरकतो. अशा उतरणीवरून स्कूटर सहज चढते. चाकाची खुर्ची चढत नाही. दोघांनी मागून रेटली तर चढते आणि उतरताना बसलेल्यास पुढे फेकू पाहते. कोकणात तर आणखी एक संकट आहे. गुळगुळीत फरशी लावून हौसेने केलेल्या उतरणीवर आषाढात शेवाळ धरते, आणि मग ती वाट धडधाकट मनुष्यही टाळतो. या उतरणींचा जन्मकाळ पाहू जाता, तो बहुधा महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या तज्ज्ञ समितीच्या आगमनापूर्वीच्या दोन-तीन महिन्यांत पडतो असे आढळेल. मूल्यांकनाच्या तक्त्यात दिव्यांगस्नेही वातावरणाविषयी एक बाब असते, तीस छायाचित्रांचा पुरावा जोडावा लागतो, आणि छायाचित्रात चढाचे प्रमाण मोजता येत नाही. समितीच्या भेटीने निदान उतरण तरी उभी राहते, असे कोणी म्हणेल, आणि त्यात तथ्य आहे. परंतु जी वस्तू दाखवण्यासाठी बांधली जाते ती दाखवून झाली की तिचे प्रयोजन संपते, आणि पुढच्या खेपेस आपण तेथे जातो तेव्हा तिच्या तोंडाशी प्राध्यापकांच्या मोटारी लागलेल्या असतात.

समजा, उतरण ओलांडली. पुढे ग्रंथालयाचे दार नव्वद सेंटिमीटर मोकळे मिळावयास हवे. चोरीच्या भयाने बसवलेल्या फिरत्या लोखंडी दांड्यांमधून माणूस अंग चोरून जातो, खुर्ची जात नाही. देवघेवीचा कट्टा छातीइतका उंच, त्यामागील कारकुनास खुर्चीत बसलेला विद्यार्थी दिसत नाही. कपाटांच्या रांगांमधील बोळ इतके अरुंद की दोन सडपातळ वाचक समोरासमोर आले तर एकाने मागे सरावे. खुर्ची वळवण्यास दीड मीटर व्यासाचे वर्तुळ लागते, ते कोठून मिळणार? मेजाखाली आडवी फळी असल्याने गुडघे आत जात नाहीत, म्हणून पुस्तक मांडीवर घेऊन वाचणे प्राप्त. यांतील एकही अडचण अशी नाही की जी दूर करण्यास मोठा निधी किंवा परदेशी तज्ज्ञ लागावा. मेजाची आडवी फळी सुतार अर्ध्या दिवसात काढून देईल. आणि या सर्वांहून अधिक अपमानकारक बाब म्हणजे स्वच्छतागृह. अनेक इमारतींत दिव्यांगांसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह असते, त्याच्या दारावर निळी पाटी असते, आणि त्या पाटीखाली कुलूप असते. किल्ली शिपायाकडे, शिपाई दुसऱ्या मजल्यावर, किंवा जेवावयास गेलेला. दार उघडले तर आत झाडू, फिनेलचे कॅन आणि मोडक्या खुर्च्या. मुलींच्या बाबतीत याचे पर्यवसान काय होते हे महाविद्यालयात शिकवणाऱ्या कोणाही शिक्षिकेस ठाऊक आहे: त्या सकाळपासून पाणीच पीत नाहीत. ज्या मुलीने घशाला कोरड पडू देऊन चार तासिका काढल्या, तिने पाचव्या तासास ग्रंथालयात थांबावे अशी अपेक्षा कोणी करू नये.

येथे एक पर्याय हमखास पुढे केला जातो: तळमजल्यावर एक वेगळी खोली द्यावी, तीत दोन संगणक, एक ब्रेल छपाईयंत्र व थोडी ब्रेल पुस्तके ठेवावीत, म्हणजे प्रश्न मिटला. अशा स्वतंत्र केंद्रांचा अवमान करण्याचा हेतू नाही; किंबहुना त्यांनी केलेले कार्य मोठे आहे. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात २००३ साली स्थापन झालेल्या दृष्टिबाधितांच्या साधन केंद्राने आपल्या महाविद्यालयापुरते न पाहता, अंध वाचकास पुस्तक आणि अंध खातेदारास बँक कशी खुली होईल यासाठी देशभर झटून काम केले. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात मध्यवर्ती ग्रंथालयातच हेलन केलर यांच्या नावाचा विभाग आहे. ही केंद्रे यशस्वी झाली, कारण त्यांनी विद्यार्थ्यास मुख्य ग्रंथालयात जाण्याजोगे केले. अनुकरण करणाऱ्यांनी मात्र नेमके उलटे उचलले: केंद्र आहे ना, मग त्याने मुख्य ग्रंथालयात येण्याचे कारण काय? ग्रंथालय रात्री दहापर्यंत उघडे, ही खोली पाचला बंद. ग्रंथालयात तीन लाख ग्रंथ, या खोलीत तीन कपाटे. आणि विद्यार्थिदशेतील निम्मे शिक्षण ज्या शेजाराने होते, समोरचा काय वाचतो आहे याची चोरटी नजर, चहाच्या निमित्ताने झालेली चर्चा, एखाद्या अनोळखी विद्यार्थ्याने सुचवलेले पुस्तक, तो सारा शेजार दाराबाहेरच राहिला.

अंध विद्यार्थ्याचा प्रश्न इमारतीत जितका आहे त्याहून अधिक तो अक्षरांत आहे, आणि मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याच्या वाट्यास त्यातील अवघड भाग आला आहे. पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणारी संगणकप्रणाली आज फुकट मिळते. ऑस्ट्रेलियातील मायकल करन या अंध तरुणाने २००६ साली एनव्हीडीए या प्रणालीचे काम हाती घेतले ते, दृष्टिहीनांना डोळसांपेक्षा अधिक किंमत मोजून संगणक वापरावा लागू नये, याच हेतूने. ती मराठीही वाचते. आवाज यांत्रिक आहे, परंतु सरावलेले विद्यार्थी तो दुप्पट-तिप्पट वेगाने ऐकतात आणि शेजारी बसलेल्या डोळस मित्रास त्यातले अवाक्षर कळत नाही. मात्र तिला वाचता यावे यासाठी मजकूर युनिकोडमध्ये असावा लागतो. आपल्याकडे गेल्या तीस वर्षांत छापलेल्या क्रमिक पुस्तकांचा, टिपणांचा आणि प्रबंधांचा मोठा हिस्सा अशा जुन्या फाँटांत टंकलेला आहे, ज्यांत इंग्रजी अक्षरांच्या संकेतांवर देवनागरीचे आकार बसवलेले असतात. डोळ्यांना तेथे ज्ञानेश्वरीवरील भाष्य दिसते, आणि प्रणाली इंग्रजी अक्षरे व विरामचिन्हे यांची अर्थहीन मालिका वाचत सुटते. दुसरा प्रकार छायाप्रतींचा. शिक्षक पुस्तकाची पाने भ्रमणध्वनीवर टिपतात आणि वर्गाच्या गटावर पाठवतात. प्रणालीच्या दृष्टीने ते चित्र असते, आणि चित्रापाशी ती मौन पाळते. विद्यापीठाची परिपत्रके हा तिसरा व सर्वांत केविलवाणा प्रकार होय: संगणकावर टंकलेला मजकूर कागदावर छापावयाचा, त्यावर गोल शिक्का व सही उमटवावयाची, आणि तो कागद पुन्हा छायाचित्ररूपाने संकेतस्थळावर चढवावयाचा. दिव्यांग विद्यार्थ्यांसाठीच्या सवलतींचे परिपत्रकसुद्धा अनेकदा याच वाटेने जाते, आणि ज्याच्यासाठी ते निघाले त्यालाच ते शेजाऱ्याकडून वाचून घ्यावे लागते.

पुस्तके रूपांतरित करण्यास प्रताधिकाराची आडकाठी येते, असे काही ग्रंथपाल प्रामाणिकपणे समजतात. ती केव्हाच दूर झालेली आहे. २०१२ च्या दुरुस्तीने, दिव्यांग वाचकास वाचता येईल अशा रूपात पुस्तकाची प्रत करण्यास प्रताधिकारधारकाच्या परवानगीची आवश्यकता राहिली नाही. २०१३ साली मोरोक्कोतील माराकेश येथे याच विषयावर आंतरराष्ट्रीय करार झाला, आणि २०१४ मध्ये त्यास मान्यता देणारा पहिला देश भारत ठरला. २०१६ पासून सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन ग्रंथालयही उपलब्ध आहे. उणीव आहे ती बसून काम करणाऱ्याची. कोणत्याही विभागातील चालू वर्षाची संदर्भपुस्तके वीस-पंचवीसच्या पुढे क्वचित जातात; त्यांची पाने यंत्रातून काढून, ओळखलेली अक्षरे तपासून, जोडाक्षरांतील चुका दुरुस्त करून ती युनिकोडमध्ये ठेवणे हे ग्रंथालयाचे नित्यकर्म मानले, तर सत्र सुरू होण्यापूर्वी ते उरकू शकते. आज ते काम विद्यार्थ्याची बहीण करते, किंवा एखादी स्वयंसेवी संस्था करते, किंवा होत नाही. बहिणीने करावे, यात कोणास वावगे वाटत नाही. ती स्वतः कोणत्या परीक्षेची तयारी करीत होती, हे विचारण्याची तसदी मात्र कोणी घेत नाही.

परीक्षेचा विषय निघाला की लेखनिकाचा प्रश्न येतो, ज्यास विद्यार्थी रायटर म्हणतात. दर तासास किमान वीस मिनिटे अधिक वेळ द्यावा, हे केंद्र शासनाने २०१३ मध्येच सांगितले. आणि २०२१ मध्ये, लिहिताना हाताचे स्नायू आखडतात अशा विकाराच्या एका उमेदवाराच्या प्रकरणात, लेखनिक मिळण्यासाठी चाळीस टक्के दिव्यांगत्वाची अट घालणे अयोग्य आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला. तथापि परीक्षाकेंद्रावरचा वास्तव व्यवहार असा की, लेखनिक विद्यार्थ्यानेच शोधून आणावयाचा. तो एक इयत्ता खालचा असावा, त्याचे ओळखपत्र हवे, त्याच्या प्राचार्यांचे पत्र हवे. आणि परीक्षेच्या आदल्या रात्री त्याला ताप आला तर पुढचे ज्याचे त्याने पाहावे. इतिहासाच्या पदव्युत्तर परीक्षेस बसलेल्या विद्यार्थ्याने व्यक्तिनामे, स्थलनामे आणि फारसी संज्ञा एकेक अक्षर सांगत लिहवून घ्यावयाच्या, आणि उत्तरपत्रिका तपासणाऱ्याने शुद्धलेखनाचे गुण कापावयाचे. जो वर्षभर युनिकोड मजकूर ऐकून शिकला, त्याला स्वतः संगणकावर टंकून उत्तरे लिहू द्यावीत, ही वाट मार्गदर्शक सूचनांनी केव्हाच मोकळी ठेवलेली आहे. ती मराठी विद्यापीठांत चोखाळली गेली तर लेखनिकाची अर्धीअधिक यातायात आपोआप संपेल.

ज्यांचे दिव्यांगत्व दिसत नाही, त्यांची स्थिती आणखी विचित्र आहे. नव्या कायद्याच्या एकवीस प्रकारांत सिकलसेलचा समावेश आहे. विदर्भातील आणि नंदुरबारकडील आदिवासी पट्ट्यातील शिक्षकांस हा विकार पुस्तकातून शिकावा लागत नाही. त्या मुलास उतरणीचा उपयोग नाही. त्याला वेदनेचा झटका आला असता तासभर पडून राहण्यास खाट हवी, पिण्याचे पाणी हाताशी हवे, आणि पंचाहत्तर टक्के उपस्थितीच्या नियमातून आजाराचे दिवस वगळले जावयास हवेत. स्वमग्न विद्यार्थ्यास गजबजलेल्या वाचनकक्षाऐवजी एखादी शांत, मंद प्रकाशाची खोली हवी. कर्णबधिर विद्यार्थ्यास व्याख्यानाची लेखी प्रत हवी, आणि दुभाषी मिळाला तर उत्तमच. ती प्रत मिळाली तर वर्गातल्या मागच्या बाकावरील पन्नास जणांचेही कल्याण होईल, कारण ध्वनिक्षेपक बिघडलेला असतो. दिव्यांगत्व म्हणजे चाकाची खुर्ची, असे समीकरण आपल्या अभियंत्यांच्या मनात आहे तोवर या मुलांच्या वाट्यास काही येणे नाही.

पुण्याच्या पेठांतील अभ्यासिकांचा उल्लेख केल्यावाचून हा विषय पुरा होत नाही, कारण महाराष्ट्रातील पदवीधर ज्या जागेत खरोखर अभ्यास करतो ती जागा पुष्कळदा विद्यापीठाची नसतेच. सदाशिव, नारायण, शनिवार या पेठांतून स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी हजारो मुले महिन्याच्या शुल्कावर एक खुर्ची, एक दिवा आणि एक खण भाड्याने घेतात व सकाळी सातापासून रात्री अकरापर्यंत तेथे बसतात. या अभ्यासिका जुन्या वाड्यांच्या जागी उठलेल्या इमारतींच्या दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर असतात. तळमजला दुकानांसाठी, कारण तेथील भाडे अभ्यासाला परवडत नाही. जिना अडीच फुटी, वळणाचा, कठड्यावर छत्र्या वाळत घातलेला. मराठवाड्यातील एखाद्या गावाहून आलेला अस्थिव्यंग मुलगा, ज्याला शासनाने नोकरीत राखीव जागा दिलेली आहे, त्या जागेच्या परीक्षेची तयारी करावयास या जिन्याखाली उभा राहतो, तेव्हा आरक्षणाची तरतूद आणि तो जिना यांच्यामध्ये शासनाचा एकही अधिकारी उभा नसतो. कायदा खाजगी आस्थापनांसही लागू आहे, हे खरे. परंतु आठ-दहा हजारांवर घर चालवणाऱ्या अभ्यासिका-चालकाने उद्वाहक बसवावा, असे म्हणण्यात अर्थ नाही. येथे महापालिकांनी व विद्यापीठांनीच पुढे यावयास हवे. सुट्टीच्या दिवशी आणि रात्री रिकामे पडलेले तळमजल्यावरचे वर्ग, पालिकेच्या शाळांच्या इमारती, यांतून सुगम अभ्यासिका उघडणे हे चौकीदार, वीज आणि एक स्वच्छ, बिनकुलपाचे स्वच्छतागृह एवढ्या खर्चाचे काम आहे. ३ डिसेंबर २०२२ रोजी महाराष्ट्राने स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन केला. त्या विभागाचे आयुक्तालय पुण्यातच आहे, पेठांपासून फार दूर नाही.

आक्षेप अपेक्षित आहेत. संख्या थोडी आहे, हा पहिला. ती थोडी आहे, कारण जागा तशी आहे. पूल नसलेल्या नदीपलीकडे रहदारी किती, हे मोजून कोणी पूल नाकारीत नाही. पैसा नाही, हा दुसरा; आणि त्याच वर्षी प्रवेशद्वाराच्या कमानीस लाखो रुपये मंजूर होतात. तिसरा आक्षेप वारसा वास्तूंचा आहे, आणि तो मात्र विचार करण्याजोगा आहे. जुन्या दगडी इमारतींना छिन्नी लावू नये, हे मान्य. परंतु मागील बाजूस सुटा पोलादी उद्वाहक उभा करणे, तेही शक्य नसल्यास हवा तो ग्रंथ ठरलेल्या वेळेत तळमजल्यावरील मेजावर आणून देण्याचा नियम करणे, आणि मुख्य म्हणजे तळमजल्यावरील ती बैठक वरच्या दालनाइतकीच उजेडाची, पंख्याची व सर्वांसाठी खुली ठेवणे, यांतून वारशास धक्का लागत नाही.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील आवारात १९६२ साली एड रॉबर्ट्स हा पोलिओने मानेखाली पांगळा झालेला विद्यार्थी आला, तेव्हा त्याचे लोखंडी श्वसनयंत्र वसतिगृहाच्या खोलीत मावेना, म्हणून त्याची राहण्याची सोय विद्यापीठाच्या रुग्णालयात करावी लागली. त्याच्यामागून त्याच्यासारखे आणखी काही आले. त्या मुलांनी मिळून, कोणती सोय हवी हे डॉक्टरांनी अगर अधिकाऱ्यांनी न ठरवता आम्ही ठरवू, असा आग्रह धरला, आणि १९७० मध्ये विद्यार्थ्यांनीच चालवलेला साहाय्य-कार्यक्रम तेथे सुरू झाला. पुढे कॅलिफोर्नियाच्या ज्या पुनर्वसन खात्याने रॉबर्ट्स कोणत्याही नोकरीस अपात्र ठरेल असा शेरा मारला होता, त्याच खात्याचा तो १९७५ साली संचालक झाला. या कथेतील शौर्याचा भाग आपल्या वृत्तपत्रांना आवडतो. त्यातील व्यवस्थेचा भाग आपण उचलला पाहिजे. नव्या इमारतीच्या पूर्णत्वाच्या दाखल्यावर सही होण्यापूर्वी त्याच विद्यापीठातील एका अंध व एका चाकाच्या खुर्चीतील विद्यार्थ्याने ती इमारत दारापासून स्वच्छतागृहापर्यंत आणि तेथून वरच्या मजल्यावरील मेजापर्यंत सोबतीशिवाय पार करून पाहावी, व त्यांचा अहवाल दप्तरी जोडावा, एवढा साधा ठराव व्यवस्थापन परिषदेस करता येण्याजोगा आहे.

दुसरा ठराव प्रवेश-अर्जाविषयी. विद्यार्थ्याचे दिव्यांगत्वाचे वैश्विक ओळखपत्र एकदा तपासले की, त्यास कोणत्या सोयी लागतात याची नोंद त्याच अर्जात घ्यावी, आणि ती ग्रंथालय, परीक्षा विभाग, वसतिगृह व त्याचा विषय-विभाग यांकडे विद्यापीठाने स्वतः पाठवावी. त्यानंतर पदवी मिळेपर्यंत त्या विद्यार्थ्याकडून पुन्हा अर्ज, पुन्हा दाखला, पुन्हा साक्षांकित प्रत मागण्याचा अधिकार कोणत्याही टेबलास राहू नये. तिसरा ठराव नको; दोन पुरेत. आर्थिक वर्ष संपण्यापूर्वी विद्यापीठांच्या अधिसभा अंदाजपत्रकासाठी बसतील, कमानींवर, दीक्षान्त मंडपांवर आणि अतिथिगृहांच्या डागडुजीवर चर्चा होईल. त्या वेळी पदवीधरांच्या मतांवर निवडून आलेल्या सदस्यांपैकी एखाद्याने उभे राहून विचारावे की, मध्यवर्ती ग्रंथालयातील त्या स्वच्छतागृहाचे कुलूप कोणत्या तारखेस निघणार, आणि तारीख मिळेपर्यंत खाली बसू नये.